शिक्का नसलेलं वजन

माझं काम तसं साधं.
वजनं उलटी करायची, बुडातल्या शिशावर
यंदाचा शिक्का आहे की नाही, पाहायचं.
नसेल तर पावती फाडायची, वजन पिशवीत.

माझगावात, बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत
पोशीबाय सुके बोंबील तोलत होती
आणि पारड्यात होता लोखंडी गोळा,
सोललेल्या नारळाएवढा, अंगभर देवीचे व्रण असल्यासारखा.
उलटा करायला त्याला बूडच नव्हतं.

हे काय? म्हटलं.
चार किलो, म्हणाली.
तसं नाही, हे काय आहे?
मग तिने बोंबलांवरची माशी हाकलली
आणि म्हणाली, बस तिकडं, टोपलीवर.

गलबतं शिवडीच्या अंगानं आली, अंधारात.
पहिल्यांदा दिसली ती जोगू भंडाऱ्याला,
कारण पहाटे माडाच्या शेंड्यावर
दुसरं कोण असणार?
वरून ओरडला, शिडं! शिडं!
खालचे हसले. म्हणाले, उतरायच्या आधीच चढली याला.
मग पहिला धडाका झाला
आणि हसणाऱ्यांची तोंडं तशीच उघडी राहिली.

किल्ल्याने दार लावून घेतलं.
आत टोपीवाले, आत दारूगोळा,
आत तांदूळ, व्याजाच्या वह्या, एक पाळलेलं माकडसुद्धा.
बाहेर माड.
बाहेर होड्या, अर्धी विणलेली जाळी, दोन गोड्या विहिरी,
बाहेर दारावर थापा मारणाऱ्या बाया
आणि त्यांच्या कडेवर जे काही होतं ते.
आतून कोणी तरी म्हणालं, उद्या या.
पोशीबाय हे असं सांगते
की जणू रेशनच्या खिडकीवरचं बोलणं.

तिचा मूळपुरुष, धाकूल, जोगूच्या माडाखाली
जाळं पांघरून पडला होता.
जाळ्याने काय अडतं?
पण माणूस जे हाताशी असेल तेच पांघरतो.
जोगू वरच. उतरला तर मधे दिसणार, म्हणून वरच.
दिवसभर त्याने वरून सांगितलं
कुठलं घर जळतंय, कोणाचं.
एकेक नाव. खाली धाकूल मोजत राहिला.
दुपारी त्याने धाकूलचं नाव घेतलं.

संध्याकाळी हा गोळा आला.
माडाला कमरेत लागला.
माड जोगूसकट आडवा झाला.
गोळा चिखलात शिरला, फुसफुसला, विझला.
धाकूलने तिसऱ्या दिवशी तो उकरून घरी आणला,
कारण घर नव्हतं, पण काहीतरी आणायला हवं होतं.

मी पावतीपुस्तक उघडून बसलो होतो.
म्हटलं, म्हणजे शत्रूचा गोळा.
ती हसली नाही.
म्हणाली, साहेब, माड दर्याकडं पडला.
मला कळलं नाही.
तिने बोंबील उभा धरला, बोटाने टिचकी मारली.
बोंबील टिचकीपासून लांब, पलीकडे पडला.
दर्यातून आला असता तर
गावाकडं पडला असता ना?
एवढंच आमच्यात आईने मुलीला सांगायचं.
साल नाय, राजा नाय. एवढंच.
माड दर्याकडं पडला.

माझ्या काट्यावर गोळा भरला
तीन किलो सातशे वीस.
उरलेला गंजाने नेला, थोडा थोडा,
इतक्या हातांनी हाताळलेला.
तिला ते ठाऊक होतं.
प्रत्येक तोलावर ती एक मूठ वरून घालते,
आणि तिची मूठ, मी मोजली,
दोनशे नव्वद ग्रॅमची आहे.

पावतीवर लिहिलं: वजन, लोखंडी, अप्रमाणित.
पुढचा रकाना होता, कोठून प्राप्त.
तिथे पेन थांबलं.
बंदरात एका जहाजाने भोंगा दिला, लांबलचक,
गल्लीतली मांजरं क्षणभर चपापली,
पोशीबायने मान वर केली नाही.
गिऱ्हाईक उभं होतं. अर्धा किलो मागत होतं.
आता अर्धा किलो कशाने तोलणार,
हे विचारायचं मी विसरलो.